तिसरी जागा

२००९-१० सालचं, तालुक्याच्या गावातलं मोबाइलचं दुकान आठवून बघा. एसटी स्टँडसमोर एक चिंचोळा गाळा. काचेच्या काउंटरमध्ये चार्जर, कव्हरं, हेडफोन. भिंतीवर रिचार्जचे दर. आणि बाहेर पुठ्ठ्यावर स्केचपेननं लिहिलेलं, ‘गाणी भरून मिळतील’. आत जायचं, फोनचं मागचं झाकण उघडून मेमरी कार्ड काढून द्यायचं. दुकानदार ते कार्ड रीडरमध्ये घालून कॉम्प्युटरला लावायचा आणि मान वर न करता विचारायचा, “जुनी टाकू का नवीन?” दहा-वीस रुपयांत कार्ड भरून मिळायचं. हातात नोकियाचा ‘६६००’ किंवा ‘एन ७०’ असेल, तर गाण्यांबरोबर दोन-तीन गेम आणि कॉल रेकॉर्ड करणारा एखादा प्रोग्रॅमही तो टाकून द्यायचा. त्या फाइलच्या नावाच्या शेवटी ‘डॉट एसआयएस’ अशी अक्षरं असायची. हा प्रोग्रॅम कुठून आला ते माहीत नाही, तरी टाकायचा का, असं फोन विचारायचा. ‘यस’ दाबलं की काम झालं.

तो दुकानदार नकळत फार मोठं काम करत होता. फोन बनवणारी कंपनी, फोनसाठी प्रोग्रॅम लिहिणारी माणसं आणि फोन वापरणारा गिऱ्हाईक, या तिघांची गाठ त्याच्या काउंटरवर पडत होती. त्याचा तो धुळकट कॉम्प्युटर म्हणजे त्या गावाचं ‘ॲप स्टोअर’ होतं, तेव्हा ते नाव कुणाला ठाऊक नसलं तरी. स्मार्टफोनच्या ऑपरेटिंग सिस्टिमची पुढची सगळी लढाई ही गाठ कोण घालून देतो यावर लढली गेली.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे फोनच्या यंत्रसामग्रीचा आणि त्यावरच्या ॲप्सचा कारभार पाहणारी मूळ व्यवस्था. कॅमेरा कुणाला वापरू द्यायचा, बॅटरी कुणाला किती खाऊ द्यायची, बोटाचा स्पर्श कुणाच्या हवाली करायचा, हे सगळं तीच ठरवते. गेल्या पंचवीस वर्षांत फोनसाठी अशा डझनभर सिस्टिम आल्या. आज जगातल्या दर दहा स्मार्टफोनपैकी साधारण सात अँड्रॉइडवर चालतात आणि उरलेले जवळजवळ सगळे ॲपलच्या आयओएसवर. भारतात अँड्रॉइडचा वाटा ९५ टक्क्यांच्या आसपास आहे. पैसा, बुद्धी, जिद्द, नाव यांतलं काहीही कमी नसलेल्या कंपन्या तिसऱ्या जागेसाठी उतरल्या आणि परत गेल्या. ती जागा रिकामी का राहते, ते आपल्याला इथे पाहायचं आहे.

सुरुवात त्या दुकानातल्या नोकियापासूनच करू. त्यात ‘सिम्बियन’ नावाची सिस्टिम होती आणि तिचा जन्म फोनसाठी झालाच नव्हता. लंडनची सायॉन नावाची कंपनी खिशात मावणारे छोटे कॉम्प्युटर बनवायची. ते दोन पेन्सिल सेलवर चालायचे आणि त्यांची मेमरी अवघी काही मेगाबाइट असायची. त्यासाठी सायॉननं ‘एपॉक’ ही सिस्टिम लिहिली होती. १९९८ च्या जूनमध्ये सायॉन, नोकिया, एरिक्सन आणि मोटोरोला यांनी मिळून सिम्बियन कंपनी काढली आणि एपॉक फोनमध्ये आली.

दुष्काळी भागातल्या घरात तांदूळ धुतलेलं पाणी वाया जात नाही, ते परसातल्या झाडाला जातं. सिम्बियनचा सगळा स्वभाव असा होता. एखादा मजकूर मेमरीत ठेवायचा, तर प्रोग्रॅमरनं आधी ठरवायचं की तो बदलणार आहे की नाही, किती लांब होऊ शकतो, स्वतःच्या जागेत राहील की दुसऱ्याच्या. प्रत्येक उत्तरासाठी वेगळा प्रकार, आणि त्या सगळ्यांना मिळून ‘डिस्क्रिप्टर’ म्हणत. एखादी वस्तू मेमरीत उभी करायची तर ती दोन टप्प्यांत करावी लागे, म्हणजे अर्ध्यात मेमरी संपली तरी अडकलेली जागा परत मिळावी. यातली प्रत्येक गोष्ट शहाणपणाची होती. महिनोन्महिने बंद न होता चालणाऱ्या, तुटपुंज्या मेमरीच्या यंत्रासाठी ती गरजेचीही होती. पण नव्या माणसाला सिम्बियनवर साधं ॲप लिहायला शिकायचं तर काही आठवडे त्यातच जायचे.

त्यात आणखी एक अडचण. सिस्टिमचं पोट एक असलं, तरी वरचा चेहरा प्रत्येकाचा वेगळा होता. नोकियाचा ‘एस ६०’, सोनी एरिक्सनचा ‘यूआयक्यू’, जपानमधला तिसराच. एकासाठी लिहिलेलं ॲप दुसऱ्यावर चालत नसे. तरीही २००७ मध्ये जगात विकल्या गेलेल्या दर पाच स्मार्टफोनपैकी तीन सिम्बियनचे होते. इतकी मोठी आघाडी असलेला माणूस आपली घडी मोडायला सहसा तयार होत नाही.

त्याच वर्षी ९ जानेवारीला स्टीव्ह जॉब्स यांनी आयफोन दाखवला. पहिल्या आयफोनमध्ये बाहेरच्या कुणाचं ॲप टाकायची सोयच नव्हती, हे आज अनेकांना आठवत नाही. ती आली १० जुलै २००८ ला, ‘ॲप स्टोअर’सोबत. त्या दिवशी त्यात सुमारे ५०० ॲप्स होती आणि पहिल्या शनिवार-रविवारपर्यंत एक कोटी डाउनलोड झाले. मला या सगळ्यात पडद्यापेक्षा दुकानाची मांडणी मोठी वाटते. ॲप लिहिणाऱ्यानं ॲप द्यायचं, किंमत स्वतः ठरवायची, त्यातले ७० टक्के त्याचे आणि ३० टक्के ॲपलचे. पैसे गोळा करणं, फाइल पोचवणं, नवी आवृत्ती देणं, सगळं ॲपलकडे. आपल्या एसटी स्टँडसमोरच्या गाळ्याचं काम आता फोनच्या आतच होऊ लागलं.

अँड्रॉइडची गोष्ट दुसऱ्या टोकानं सुरू होते. अँडी रुबिन आणि त्यांच्या तीन साथीदारांनी २००३ मध्ये कॅलिफोर्नियात ही छोटी कंपनी काढली तेव्हा त्यांच्या डोक्यात डिजिटल कॅमेरे होते. २००५ मध्ये गूगलनं ती विकत घेतली. गूगलला फोन विकायचे नव्हते. गूगलचं पोट जाहिरातींवर, जाहिराती शोधावर, आणि उद्या लोक शोध घेणार ते फोनवरून. तो फोन मायक्रोसॉफ्टच्या ताब्यात गेला तर गूगलला दारातच अडवता येईल, ही भीती खरी होती. म्हणून सिस्टिम फुकट द्यायची. ५ नोव्हेंबर २००७ ला ३४ कंपन्यांचा एक गट जाहीर झाला, त्यात सॅमसंग, एचटीसी, मोटोरोला होते, आणि पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात पहिला अँड्रॉइड फोन बाजारात आला. ज्यांच्याकडे स्वतःची सिस्टिम लिहायची ऐपत नव्हती, अशा सगळ्यांना एका रात्रीत आयफोनशी लढायचं हत्यार मिळालं. मायक्रोमॅक्स, कार्बन, लावा यांच्यासारख्या आपल्याकडच्या कंपन्या त्यामुळेच स्मार्टफोनमध्ये उतरू शकल्या.

या फुकटाला एक दोरी बांधलेली होती, आणि ती नीट समजल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. अँड्रॉइडचा मूळ कोड खुला आहे, कुणीही घ्यावा. पण प्ले स्टोअर, मॅप्स, यूट्यूब, जीमेल आणि त्यांच्या पोटात चालणाऱ्या ‘प्ले सर्व्हिसेस’ खुल्या नाहीत. त्या हव्या असतील तर गूगलशी करार. आणि तो करार केला की अँड्रॉइडची मनाप्रमाणे बदललेली आवृत्ती विकायची नाही, अशी अट अनेक वर्षं होती. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये एसर ही कंपनी शांघायमध्ये अलीबाबाच्या ‘अलियुन’ सिस्टिमचा फोन बाजारात आणणार होती. समारंभ ठरला होता, पत्रकार बोलावले होते. ऐन वेळी समारंभ रद्द झाला. अलियुन म्हणजे अँड्रॉइडचीच मोडतोड केलेली आवृत्ती आहे आणि एसर आमच्या गटात आहे, असं गूगलचं म्हणणं होतं. एसरला अँड्रॉइडचे बाकीचे फोन विकायचे होते, त्यामुळे कंपनीनं माघार घेतली. दोन वर्षांनी ॲमेझॉननं अँड्रॉइडचाच कोड घेऊन, पण गूगलच्या ॲप्सशिवाय, ‘फायर फोन’ आणला. ॲमेझॉनसारख्या बलाढ्य कंपनीलाही तो दीड वर्ष टिकवता आला नाही.

आता नोकियाकडे परत येऊ, कारण तिसऱ्या जागेसाठीची सगळ्यात मोठी आणि सगळ्यात हळहळ वाटायला लावणारी झुंज तिथलीच.

२०१० च्या सप्टेंबरात स्टीफन एलॉप मायक्रोसॉफ्टमधून येऊन नोकियाचे प्रमुख झाले. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांनी कर्मचाऱ्यांना एक टिपण पाठवलं. समुद्रातल्या पेटलेल्या तेलफलाटावर उभ्या असलेल्या माणसाची उपमा त्यात होती. जळून मरायचं नसेल तर गार पाण्यात उडी घ्यावी लागेल, असा त्याचा रोख. टिपण लगेच बाहेर फुटलं. ११ फेब्रुवारीला नोकियानं जाहीर केलं की यापुढे आमचे स्मार्टफोन मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज फोन’वर चालतील. पण पहिला विंडोज नोकिया बाजारात यायला वर्ष संपत आलं. मधल्या काळात दुकानात गेलेल्या गिऱ्हाइकानं काय करायचं? कंपनीनंच ज्याला पेटलेला फलाट म्हटलं, तो सिम्बियनचा फोन कोण घेणार? गोदामात माल पडून राहिला. नोकियानं इंटेलसोबत घडवलेली ‘मीगो’ सिस्टिम असलेला ‘एन ९’ त्याच वर्षी आला. तो सुंदर फोन होता, पण आल्या दिवशीच पोरका होता. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं म्हणतात ते हेच.

आणि तरीही विंडोज फोन ही माझ्या मते त्या दशकातली सगळ्यात विचारपूर्वक केलेली रचना होती. २०१३ चा ‘ल्युमिया ५२०’ हातात घेऊन बघा, कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये अजून सापडेल. पिवळ्या, लाल, निळ्या प्लास्टिकचं गोलसर झाकण. पडद्यावर चौकोनी फरशा, ‘लाइव्ह टाइल’. फोटोची फरशी आपोआप नवा फोटो दाखवते. हवामानाची फरशी उलटते आणि उद्याचं तापमान दिसतं. संपर्काच्या फरशीत माणसांचे चेहरे एकेक करून बदलत राहतात. ॲप न उघडताच निम्मी कामं डोळ्यांपुढे येतात. मेमरी फक्त ५१२ मेगाबाइट, पण बोट फिरवलं की पडदा पाण्यासारखा सरकायचा. त्याच किमतीचा अँड्रॉइड तेव्हा अडखळत, धापा टाकत चालायचा. दहा हजारांच्या आसपासचा हा फोन भारतात खूप खपला. २०१३ मध्ये काही काळ आपल्याकडे विंडोज फोन आयफोनच्याही पुढे, दुसऱ्या क्रमांकावर होता.

मग अडलं कुठे? पुण्यात बाणेरला चार जणांची एक सॉफ्टवेअर कंपनी आहे असं धरा. त्यांनी बसची तिकिटं काढणारं ॲप बनवलंय. अँड्रॉइडसाठी एक माणूस, आयफोनसाठी एक. आता विंडोज फोनसाठी तिसरा नेमायचा, तर ॲप लिहिणाऱ्यांच्या पगाराचा खर्च दीडपट होतो आणि गिऱ्हाइकं वाढतात शंभरात तीन. चौघं चहा घेत हिशोब करतात आणि ठरवतात, सध्या नको, पुढच्या वर्षी बघू. जगभर लाखो ठिकाणी हाच हिशोब झाला आणि हेच उत्तर निघालं. त्यात कुणाचा द्वेष नव्हता, कट नव्हता. पण गिऱ्हाईक दुकानात येऊन विचारतो, “यात अमुक ॲप आहे का?” आणि दुकानदार मान हलवतो. गिऱ्हाईक अँड्रॉइड घेऊन जातो. पुढच्या वर्षी तीनाचे अडीच होतात. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशी ही गत.

इन्स्टाग्राम आयफोनवर आलं २०१० मध्ये आणि विंडोज फोनवर २०१३ च्या नोव्हेंबरात, तेही चाचणीच्या आवृत्तीत. तीन वर्षांत एक पिढी दुसऱ्या फोनवर रुजली होती. यूट्यूबचं तर भांडणच झालं. गूगल विंडोज फोनसाठी नीट ॲप करून देईना, म्हणून मायक्रोसॉफ्टनं २०१३ मध्ये स्वतः केलं. गूगलनं नियमभंगाचं कारण देऊन ते काढायला लावलं. मायक्रोसॉफ्टनं ऑगस्टमध्ये सुधारून पुन्हा आणलं, ते दोन दिवसांत बंद पाडलं गेलं. लोकांना रोज लागणाऱ्या सेवा ज्याच्या हातात, तोच प्रतिस्पर्धी सिस्टिमचा मालक असेल, तर तिसऱ्यानं जायचं कुणाकडे?

मायक्रोसॉफ्टनं स्वतःच्या पायावर मारलेले धोंडेही कमी नव्हते. विंडोज फोन ७ घेतलेल्यांना ८ मिळणारच नाही असं २०१२ मध्ये कळलं, कारण आतला गाभाच बदलला होता. जे पहिल्या दिवसापासून सोबत आले, त्यांचेच फोन जुने ठरले. अँड्रॉइड फुकट मिळत असताना मायक्रोसॉफ्ट फोन कंपन्यांकडून प्रत्येक फोनमागे परवाना शुल्क घेत राहिली. ते माफ केलं एप्रिल २०१४ मध्ये. वरात निघून गेल्यावर घोडं आलं. त्याच महिन्यात नोकियाचा फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टनं ताब्यात घेतला आणि सव्वा वर्षात, जुलै २०१५ मध्ये, ७.६ अब्ज डॉलर बुडीत खाती टाकले. ७,८०० माणसांच्या नोकऱ्या गेल्या. हा हिशोब मांडताना हैदराबादचे सत्या नाडेला प्रमुखपदी होते. त्यांनी कंपनीचं तोंड क्लाउडकडे वळवलं आणि फोन सोडून दिला.

बाकीच्या दोघांबद्दल थोडक्यात. ब्लॅकबेरीची ताकद कीबोर्ड आणि बीबीएम ही निरोपांची सेवा. ती फक्त ब्लॅकबेरीवर चालायची आणि लोकांना धरून ठेवायची. व्हॉट्सॲप सगळ्या फोनवर चालायला लागलं तशी ती पकड सुटली. बीबीएम दुसऱ्या फोनवर आलं २०१३ मध्ये, तोवर गप्पांचे फड दुसरीकडे रंगले होते. पामच्या ‘वेबओएस’नं २००९ मध्ये उघडी ॲप्स पत्त्यांसारखी मांडून बोटानं वर उडवायची पद्धत आणली. आज ती जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनवर आहे. एचपीनं पामला १.२ अब्ज डॉलरला घेतलं आणि २०११ मध्ये वेबओएसचा टॅबलेट आणून ४९ दिवसांत बंद केला. ती सिस्टिम पुढे एलजीकडे गेली आणि आता तिच्या टीव्हीमध्ये चालते. आपल्याकडे कितीतरी घरांच्या हॉलमध्ये भिंतीवर वेबओएस आहे आणि घरच्यांना त्याचा पत्ता नाही.

भारतात तिसऱ्या जागेची लढाई वेगळ्या मैदानावर झाली. इथे प्रश्न किमतीचा आणि भाषेचा होता.

‘तिसऱ्या’ हाच शब्द घ्या. त्यात सुरुवातीला वेलांटी आहे. ती टाइप होते ‘त’ नंतर, पण दिसायला हवी ‘त’ च्या आधी. पुढे ‘ऱ्या’ आहे, ज्यातला र आडव्या वाकड्या रेघेसारखा य ला चिकटतो. हा र मराठीला हवा असतो, हिंदीला त्याची गरज पडत नाही. हे सगळं जागच्या जागी बसवण्याचं काम सिस्टिमचं. सुरुवातीच्या अँड्रॉइडमध्ये देवनागरी फाँटच नव्हता, त्यामुळे मराठी मजकुराच्या जागी रिकाम्या चौकटींची रांग दिसायची. पुढे काही फोनवर अक्षरं आली, पण वेलांटी भलतीकडे आणि जोडाक्षरं पाय मोडलेली. नीट देवनागरी अँड्रॉइडमध्ये सरसकट रुळायला २०१२ उजाडलं. महाराष्ट्र शासनानं मराठीच्या वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ कसा असावा, याचा निर्णय नोव्हेंबर २००९ मध्येच काढला होता. फोनवर आजही बहुतेक वेळा हिंदी वळणाचाच ल दिसतो. आपली भाषा ही फोन बनवणाऱ्यांच्या यादीत कितव्या क्रमांकावर आहे, ते या एका अक्षरात मला रोज दिसतं आणि दर वेळी खटकतं.

याच दुखण्यावर आयआयटी मुंबईतून शिकून बाहेर पडलेल्या राकेश देशमुख आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘इंडस ओएस’ उभी केली. अँड्रॉइडच्या पायावर, पण मराठीसकट भारतीय भाषांसाठी. आलेला इंग्रजी निरोप एका दिशेला बोट फिरवलं की आपल्या भाषेत, दुसऱ्या दिशेला फिरवलं की आपल्या लिपीत. प्ले स्टोअरच्या जोडीला स्वतःचा ‘ॲप बाजार’, ज्यात ॲप घ्यायला ईमेल खातं लागत नसे. २०१५-१६ मध्ये मायक्रोमॅक्सच्या स्वस्त फोनांवर बसून ही सिस्टिम भारतात आयओएसच्याही पुढे गेल्याचे आकडे छापून आले. मग ४जी आलं, चिनी कंपन्यांनी भारतीय कंपन्यांना बाजारातून ढकललं आणि ज्या फोनांच्या खांद्यावर इंडस बसली होती ते खांदेच गेले. २०२२ मध्ये फोनपेनं ती कंपनी घेतली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘इंडस ॲपस्टोअर’ सुरू केलं, १२ भारतीय भाषांत. ऑपरेटिंग सिस्टिम गेली, दुकान उरलं.

किमतीच्या बाजूनं मोझिलाची ‘फायरफॉक्स ओएस’ आली. कल्पना धाडसाची होती: ॲप म्हणजे वेबसाइटच, त्यामुळे कुणाच्या दुकानाची गरजच नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्सनं त्या सिस्टिमचा फोन १,९९९ रुपयांना आणला. मेमरी १२८ मेगाबाइट, इंटरनेट २जी, आणि व्हॉट्सॲप नाही. २०१५ च्या डिसेंबरात मोझिलानं फोनचा नाद सोडला. पण कोड खुला होता. तो घेऊन ‘कायओएस’ तयार झाली आणि २१ जुलै २०१७ ला रिलायन्सच्या सभेत मुकेश अंबानी यांनी तिच्यावरचा जिओफोन दाखवला. परत मिळणाऱ्या १,५०० रुपयांच्या ठेवीवर ४जी फोन.

जिओफोनमध्ये स्पर्शाचा पडदा नाही. अडीच इंचांहून छोटा पडदा, खाली आकड्यांची बटणं आणि मध्ये चार दिशांची कळ. ज्या हातांना दहा वर्षं बटणांचीच सवय होती, त्यांना हा फोन परका वाटला नाही. शेतातून आलेल्या माणसाला ओल्या, चिखलाच्या बोटानंही तो चालवता येई. तरी पहिलं वर्ष एकच तक्रार होती: व्हॉट्सॲप कुठंय? सप्टेंबर २०१८ मध्ये ते आलं. त्याच वर्षी कायओएसनं भारतात आयओएसला मागे टाकलं आणि खुद्द गूगलनं तिच्यात २.२ कोटी डॉलर गुंतवले. जिओफोनचा आकडा पुढे दहा कोटींवर गेल्याचं कंपनीनं सांगितलं. तिसऱ्या जागेवर, निदान आपल्याकडे, कुणीतरी खरंच बसलं होतं.

२०२४ मध्ये व्हॉट्सॲपनं कायओएसवर नव्यानं ॲप देणं बंद केलं. जिओनं त्याआधीच, २०२१ मध्ये, गूगलसोबत अँड्रॉइडवरचा ‘जिओफोन नेक्स्ट’ आणला होता. तिसरी जागा पुन्हा रिकामी झाली.

दोरी सैल करायचा प्रयत्न न्यायालयांनी आणि आयोगांनीही केला आहे. युरोपीय आयोगानं २०१८ मध्ये अँड्रॉइडच्या करारांवरून गूगलला ४.३४ अब्ज युरोंचा दंड केला. भारताच्या स्पर्धा आयोगानं २० ऑक्टोबर २०२२ ला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि अपिलातही तो कायम राहिला. त्यानंतर भारतात गूगलची ॲप्स सुटी घेण्याची मुभा फोन कंपन्यांना मिळाली. हे आवश्यक होतं, आणि मला वाटतं उशिरा झालं. पण अट निघाली म्हणून बाणेरच्या त्या चौघांचा हिशोब बदलत नाही. त्यांना अजूनही शंभरात तीनच गिऱ्हाइकं दिसतात.

हिशोब बदलला तो चीनमध्ये, आणि तिथे तो मारून मुटकून बदलावा लागला. मे २०१९ मध्ये अमेरिकेनं ह्वावे या चिनी कंपनीवर निर्बंध आणले. नव्या ह्वावे फोनवर गूगलच्या सेवा बंद झाल्या. चीनमध्ये त्या आधीही नव्हत्या, त्यामुळे घरच्या गिऱ्हाइकाला फरक पडला नाही. युरोपातला धंदा मात्र बसला. ऑगस्टमध्ये ह्वावेनं ‘हार्मनी ओएस’ जाहीर केली. पहिली काही वर्षं तिच्यावर अँड्रॉइडची ॲप्स चालायची, म्हणून टीकाकार तिला रंग दिलेलं अँड्रॉइड म्हणायचे. २०२४ च्या पहिल्या तिमाहीत काउंटरपॉइंट या संस्थेच्या मोजणीत चीनमध्ये हार्मनीचा वाटा १७ टक्के आणि आयओएसचा १६ टक्के निघाला. मग २२ ऑक्टोबर २०२४ ला ह्वावेनं पूल तोडला. हार्मनीच्या नव्या आवृत्तीवर अँड्रॉइडचं ॲप थेट चालतच नाही. चिनी बँका, रेल्वेची तिकिटं, वीचॅट, सगळ्यांना नवी ॲप्स लिहावी लागली, आणि त्यांनी ती लिहिली.

हे का जमलं, ते नीट पाहायला हवं. ह्वावेकडे घरच्या बाजारात कोट्यवधी फोन आधीपासून होते. गूगल मुळातच दाराबाहेर होतं. देशाचं सरकार पाठीशी होतं. आणि अमेरिकेच्या निर्बंधांनी मागे फिरायची वाटच ठेवली नव्हती. यांतलं एक जरी नसतं तरी बाणेरसारखाच हिशोब शेनझेनमध्येही झाला असता. चीनच्या बाहेर हार्मनीचा मागमूस कमी आहे, कारण बाहेर या चार गोष्टी एकत्र नाहीत.

भारतात अशी सिस्टिम निघेल का, असं अनेक जण विचारतात. २०२३ च्या जानेवारीत आयआयटी मद्रासच्या आवारात वाढलेली ‘भारओएस’ दाखवली गेली तेव्हा वर्तमानपत्रांनी मोठे मथळे दिले. अभियंते आपल्याकडे आहेत, खुला कोड आहे, सिस्टिम लिहिणं हे आता अशक्य राहिलेलं नाही. अडचण बँकेच्या ॲपपाशी येते. फोनमधली सिस्टिम मूळची, न छेडलेली आहे का, असं बँकांची आणि पैशांची अनेक ॲप्स उघडताना तपासतात, आणि ही शहानिशा करून देणारी सेवा गूगलची असते. गूगलनं मान्यता न दिलेल्या सिस्टिमवर ती नकार देऊ शकते, मग ती सिस्टिम कितीही सुरक्षित असो. ज्या देशात भाजीवालीच्या टोपलीपाशीसुद्धा क्यूआर कोडचा पुठ्ठा टेकवलेला असतो, तिथे पैसे न देता येणारा फोन कोण घेईल?

म्हणून माझं लक्ष सिस्टिमपेक्षा सेवांकडे जातं. सेवा जितक्या उघड्या, जितक्या कुठल्याही फोनवर चालणाऱ्या, तितकी नव्या सिस्टिमला जागा. हे स्वप्नरंजन नाही, त्याचा नमुना आपल्या खिशात आहे. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननं यूपीआय कुठल्या एका सिस्टिमसाठी बांधलंच नाही. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं साध्या फोनसाठी ‘यूपीआय १२३पे’ सुरू केलं. त्याच्याही आधीपासून ‘*९९#’ आहे.

एखादा जुना, टॉर्चवाला नोकिया घ्या. त्याला बँक खात्याशी जोडलेल्या नंबरचं सिम घाला. रबरी बटणांवर चांदणी, नऊ, नऊ, चौकट दाबा आणि हिरवं बटण दाबा. इंटरनेट लागत नाही, ॲप लागत नाही. क्षणभरात पडद्यावर आकड्यांची यादी येते: पैसे पाठवा, पैसे मागा, शिल्लक पाहा. १३ भाषांची सोय आहे, त्यांत मराठी आहे. एक दाबायचं, समोरच्याचा नंबर, रक्कम, आणि शेवटी पिन. पलीकडे दुकानदाराच्या अँड्रॉइडवर पैसे आल्याचा आवाज होतो. कुठल्या सिस्टिमवरून आले, ते त्याला दिसत नाही.